गिरणींतील आई, बाळागोळी व पाळणाघर

जुन्या कागदपत्रांत दाईचें नांव क्वचितच येतें, आणि येतें तेव्हां बहुधा राजघराण्याच्या संबंधानें येतें. इ. स. १६५७ त पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस दूध पाजण्याकरितां कापूरहोळच्या गाड्यांच्या घरची धाराऊ हिची योजना झाली, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. राजपुत्राचा इतिहास लिहिणारांनीं धाराऊचा गौरव केला, तिच्या मुलांचीं नांवेंहि आदरानें सांगितलीं. परंतु ज्या बाईच्या अंगावर दूध होतें तिला अंगावर पिणारें मूलहि असलेंच पाहिजे. ती गडावर चाकरीस असतां तें मूल कोणाच्या मांडीवर होतें, हा प्रश्न आपल्यापैकीं फारसा कोणी विचारला नाहीं. पेशवाईंतील कुणबिणींचीहि तीच गत. त्यांच्या खरेदीविक्रीच्या कागदांत किंमत सांपडते, कधीं बरोबरच्या पोराचा उल्लेखहि सांपडतो. पण धनिणीच्या घरचें दळणकांडण करतांना त्या पोराची व्यवस्था काय होती, हें कोणा कारकुनानें टिपून ठेवलें नाहीं. टिपण्याचें त्यास कारणहि नव्हतें.

काम करणाऱ्या आईच्या तान्ह्या मुलाविषयीं आपल्या प्रांतांत भरपूर लिखाण प्रथम सांपडतें तें मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांच्या संबंधानें. हें लिखाण इंग्रजी अमदानींतलें, बहुतेक छापील व बहुतेक सरकारी आहे. मोडी दप्तरांवर पोसलेल्या संशोधकाची नजर त्याकडे सहसा वळत नाहीं. शिवाय ज्यांनीं तें वापरलें त्यांनीं त्यांतील आयांविषयींचा निकाल जशाचा तसा उचलला. निकाल असा कीं, ह्या बायका अडाणी असल्यामुळें मुलांस अफू चारीत आणि धन्यानें काढून दिलेलें पाळणाघर टाळीत. कागद नीट लावून वाचले असतां हा निकाल टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, हेंच येथें मांडावयाचें आहे.

कावसजी नानाभाई दावर ह्यांची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ त ताडदेव येथें चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी ह्या टापूंत गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुणें, अहमदनगर ह्या जिल्ह्यांतून माणसें येऊन चाळींत राहूं लागलीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत गिरणीकामगारांत बायकांचा वांटा सुमारें पंचमांश होता. त्या मुख्यतः रिळिंग व वाइंडिंग ह्या दोन खात्यांत असत. त्यांच्यावर नायकीण असे. काम उक्तें, म्हणजे जितकें सूत उलगडावें तितका पैसा. उक्त्या कामामुळें ह्या खात्यांतील बायका पुरुषांपेक्षां थोड्या उशिरां येत व काम आटोपतांच निघून जात; घरचा स्वयंपाक करूनच त्यांना बाहेर पडावें लागे. ही सवड लहानशी खरी, पण ती त्यांस फार मोलाची होती. मात्र तिला दुसरी बाजूहि होती. साच्यापासून उठून मुलास पाजावयास गेलें तर तेवढा वेळ मजुरींतून आपोआप वजा होई. त्यासाठीं मुकादमानें दंड करण्याचीहि जरूर नव्हती.

कामाचे तास पाहावे. १८९१ च्या कायद्यानें बायकांस दिवसाला जास्तींत जास्त अकरा तास ठरले. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस रूढ झाला; कायद्यांत मात्र दहा तास येण्यास १९३४ साल उजाडावें लागलें. दहा तास काम, मधली सुट्टी व चालत जाणें-येणें मिळून आई अकरा-बारा तास घराबाहेर. महिन्याचें मूल दोन-अडीच तासांनीं दूध मागतें. तेव्हां आई बाहेर असतांना त्याच्या चार-पांच वेळा चुकत. वरचें दूध हा उपाय चाळींतल्या खोलींत परवडणारा नव्हता, आणि मुंबईंत गवळ्याकडून मिळणारें दूध पाण्याविरहित मिळेल ह्याची शाश्वति नव्हती.

मग आईपुढें मार्ग कोणते होते? एक, मूल पोटाशीं घेऊन गिरणींत जावें व साच्याजवळ टोपलींत अथवा झोळींत ठेवावें. कापसाच्या धुरळ्यांत, यंत्रांच्या घरघरींत निजलेलीं अशीं मुलें तपासनिसांनीं पाहिलीं व लिहून ठेवलीं आहेत. खानदेश-वऱ्हाडाकडील जिनांत तर तो नित्याचा देखावा होता. दुसरा मार्ग, मूल गांवीं सासूकडे अगर आईकडे ठेवून परत यावें. ह्यांत मूल वाचण्याचा संभव अधिक, पण तें अंगावरून तुटे, आणि गांवीं पोसणारें माणूस धडधाकट असावें लागे. ज्यांच्या घरीं अशी म्हातारी होती त्या बायकांनीं हा मार्ग धरला. तिसरा, चाळींतल्या एखाद्या वृद्ध शेजारणीस चार पैसे देऊन तिच्या ओटींत मूल घालावें. चौथा, सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीवर सोंपवावें. पांचवें पाळणाघर, परंतु १९२० च्या सुमारास तें मोजक्याच गिरण्यांत होतें. काम सोडून घरीं बसणें हा सहावा मार्ग कागदावर दिसतो, पण जिच्या मजुरीशिवाय खोलीचें भाडें व वाण्याची उधारी भागत नव्हती तिच्यापुढें तो नव्हता, आणि विधवा किंवा टाकलेली बाई असल्यास प्रश्नच नको.

तिसऱ्या व चौथ्या मार्गाबरोबर बाळागोळी येते. येथें एक खुलासा अवश्य आहे. बाळघुटी व बाळागोळी ह्या दोन भिन्न वस्तु होत. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ इत्यादि सहाणेवर उगाळून आई जी देते ती घुटी. बाळागोळी म्हणजे अफू घातलेली लहान गोळी. ती परवान्याच्या दुकानीं विकत मिळे. जुन्या वैद्यकाच्या बाडांत दोन्हींचे पाठ शेजारीं शेजारीं असूं शकतात, म्हणून बाडांची याद करणारानें घटकद्रव्यें पाहिल्यावांचून नांव घालूं नये.

गोळी ही गिरणवाल्या बायांनीं काढलेली युक्ति नव्हे. अफूविषयींच्या शाही कमिशनापुढें १८९३ ते १८९५ ह्या काळांत ज्या साक्षी झाल्या त्यांत पश्चिम हिंदुस्थानांत लहान मुलांस अफू देण्याचा प्रघात सर्रास असल्याचें नमूद आहे; आणि तो खेड्यांतला, तसाच खाऊनपिऊन सुखी अशा घरांतलाहि आहे. विलायतेंतहि लँकेशायरच्या गिरणवाल्या बाया मुलांस अफूचें ‘गॉडफ्रेचें कॉर्डियल’ पाजीत असत. तेव्हां ज्या देशांतून साचे आले त्या देशांतल्या आयांनींहि तोच उपाय योजिला होता. मुंबईंत फरक पडला तो देणाऱ्या हातांत. गांवीं आजी गोळी देई व मुलाजवळ बसून राही. त्याचा श्वास मंद झाला, तोंड निळें पडलें, तर तें तिला कळे. चाळींत आई पहांटे गोळी देऊन जाई व जवळ बसणारी असे आठ वर्षांची बहीण. अफूनें मूल रडत नाहीं, भूक मागत नाहीं; म्हणजे जें मूल निपचित आहे तें निजलें आहे कीं उपाशीं आहे कीं मरावयास टेकलें आहे, हें त्या पोरीला कळण्याचा मार्ग नाहीं. वस्तु तीच राहिली, राखणदार मात्र गेला. ह्या दृष्टीनें पाहतां गोळी ही मुलाचें औषध नसून न मिळालेल्या माणसाच्या जागीं बसविलेली वस्तु होती.

ह्या विषयावरचा मुख्य कागद म्हणजे मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंचा १९२२ चा अहवाल. तो सरकारच्या ‘लेबर गॅझेट’ ह्या मासिकांत छापला गेला. हें मासिक १९२१ च्या सप्टेंबरांत सुरू झालें होतें. चौकशीचें निमित्त वॉशिंग्टन येथें १९१९ त झालेला प्रसूतिविषयक आंतरराष्ट्रीय ठराव. डॉ. बार्न्स चाळींत व गिरण्यांत स्वतः हिंडल्या, हें त्यांच्या लिखाणाचें मोल. गिरणींतील बायकांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, हा त्यांचा आंकडा त्यानंतर प्रत्येक ग्रंथांत उतरला. आंकडा खोटा म्हणण्यास आधार नाहीं. मात्र त्यावरून काढलेलें अनुमान तपासलें पाहिजे. शंभरांत अठ्ठ्याण्णव बाया जें करितात तें एकेकीच्या अडाणीपणानें होत नाहीं; त्यामागें सर्वांस सारखी जाचणारी परिस्थिति असते. शहाणी व वेडी, कोंकणची व घाटावरची, सासू असलेली व नसलेली, सगळ्या एकाच ठिकाणीं येऊन पोंचल्या. त्याचें कारण त्यांच्या डोक्यांत शोधण्यापूर्वीं भोंग्याच्या वेळांत शोधावें.

दुसरा प्रसिद्ध आंकडा मुलांच्या मृत्यूंचा. १९२१ सालीं मुंबईंत हजार जन्मांमागें वर्षाच्या आंतलीं सहाशें साठांवर मुलें दगावलीं असें म्युनिसिपालिटीचे कागद म्हणतात, आणि एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत तें प्रमाण आठशेंवर जातें. बर्नेट-हर्स्ट ह्यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळें ह्या संख्या सर्वतोमुखीं झाल्या. साधनांची चिकित्सा करणारानें येथें सावध राहावें. पुष्कळ बायका बाळंतपणास गांवीं जात, म्हणजे जन्माची नोंद कोंकणांत अथवा देशावर होई. महिन्या-दोन महिन्यांनीं मूल घेऊन त्या मुंबईस परतत, आणि मूल गेलें तर मृत्यूची नोंद मुंबईंत होई. शहरांतल्या जन्मांचीहि नोंद सुटे. भागाकारांत खालचा आंकडा लहान झाला कीं भाग फुगतो. तरीहि गोष्ट भयंकरच राहते, हें खरें. परंतु ह्याच चुकींत आमच्या विषयाचा एक पुरावा दडलेला आहे, तो असा कीं आया मुलांस घेऊन लवकर परतत होत्या.

किती लवकर, हें १९२९ च्या मुंबई प्रसूतिहिताच्या कायद्यावरून कळतें. त्याआधीं १९२४ सालीं ना. म. जोशी ह्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत असें बिल आणिलें होतें, तें फेटाळलें गेलें. मुंबईच्या कौन्सिलांत आसवले ह्यांच्या बिलावर १९२८ त चर्चा झाली. त्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं आईस विश्रांति मिळणें ह्यांत राष्ट्राचेंच हित आहे, आणि त्याचा भार बराचसा सरकारनें उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली. कायदा झाला, रोज आठ आणे मिळूं लागले, आणि प्रसूतीनंतर चार आठवडे बाईस कामावर घेण्यास मनाई झाली. मोठा लाभ होता, ह्यांत शंका नाहीं. पण आठ आणे हे बहुतेकींच्या रोजीपेक्षां कमी, आणि चार आठवड्यांनंतर काय, ह्याविषयीं कायदा मूक होता. बाळंतिणीचा सव्वा महिनाहि ज्यांत पुरा होत नाहीं अशी ही मुदत! एकोणतिसाव्या दिवशीं आई खात्यांत हजर व मूल महिन्याचें. म्हणजे बाळागोळीची गरज ज्या वयांत सर्वांत अधिक, तेथेंच कायद्याचा हात सुटत होता.

आतां पाळणाघर. ही संस्था मूळची फ्रान्समधली. १८४४ सालीं पॅरिस येथें फिर्मँ मार्बो ह्यानें मजूर आयांच्या मुलांसाठीं तिचा आरंभ केला. मुंबईंत कांहीं सुधारक मनाच्या मालकांनीं गिरणीच्या आवारांत खोली देऊन, आया नेमून, पाळणे टांगले. पाळणे रिकामे राहात अशी त्यांची तक्रार होती. १९२९ त नेमलेल्या, व्हिटले ज्याचे अध्यक्ष होते त्या, मजूरविषयक शाही कमिशनापुढेंहि हा प्रश्न निघाला. बाया भोळसट, दृष्ट लागण्यास भितात, परक्या जातीच्या आयेच्या हातीं मूल देत नाहींत, हीं कारणें सांगितलीं गेलीं. ह्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. जातीचा विटाळ त्या काळीं पाण्याच्या नळावरहि होता, तो पाळण्याशीं कसा थांबेल? पण ही यादी देणारांनीं कांहीं साधे प्रश्न विचारले नाहींत. गिरणीपासून अर्ध्या कोसावरच्या चाळींतून, पावसाळ्यांत, अंधारांत, महिन्याचें मूल छातीशीं धरून आईनें कसें जावें? खोली रिळिंग खात्यापासून किती लांब? मूल रडलें तर आईला निरोप जातो काय, आणि गेला तर नायकीण तिला सोडते काय? पाजण्यास लागलेला वेळ उक्त्या कामांतून कोण भरून देतो? दोन मुलें असलेलीचें तान्हें आंत घेतलें आणि तीन वर्षांचें दारांत राहिलें, तर त्याच्यासाठीं थोरल्या पोरीस घरीं ठेवावेंच लागतें. मग तान्हेंहि तिच्याजवळच कां नसावें? हे हिशोब आईनें मनाशीं केलेले असत. मालकाच्या वहींत मात्र ‘मुलें कमी’ एवढेंच पडे.

ज्या ठिकाणीं खोली खात्याला लागून होती, सांभाळणारी बाई मुलांवर माया करणारी होती आणि पाजण्यास सुट्टी मिळत होती, तेथें बायका मूल ठेवीत. अविश्वास संस्थेवर नव्हता, तर सोयीच्या अभावावर होता. मूल परक्याच्या हातीं देण्याचा निर्णय आई हातावरून करिते, इमारतीवरून करीत नाहीं. कापूरहोळची धाराऊ निवडतांना पुरंदरावर ह्याहून वेगळा विचार झाला असेल असें वाटत नाहीं.

कायद्याची पुढली वाट थोडक्यांत सांगतां येते. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९४८ च्या कायद्यानें ती गोष्ट सक्तीची केली. १९७६ च्या दुरुस्तीनें पन्नासांचे तीस झाले. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानें बारा आठवडे रजा आली. ती २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली. मात्र ह्या वाटेवर एक विपरीत गोष्ट घडली. पाळणाघरें वाढत गेलीं तसतशा मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. नवीं यंत्रें, खात्यांची फेरमांडणी, रात्रपाळीस बायकांना असलेली मनाई, आणि बाईस ठेवणें म्हणजे भत्ता व पाळणाघर दोहोंचा खर्च असा मालकांचा हिशोब, ह्यांपैकीं कशाचा वांटा किती ह्यावर विद्वानांत वाद आहे. राधा कुमार ह्यांनीं १९८३ सालीं दोन महायुद्धांमधल्या काळाविषयीं ह्या प्रश्नाचें विवेचन केलें आहे, तें जिज्ञासूंनीं पाहावें. आमच्या मतें केवळ कायद्यास दोष देणें हें मालकांच्या साक्षीवर फार विसंबणें होय.

वर दिलेला सगळा पुरावा आईविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलेला आहे. तिनें स्वतः सांगितलेलें अगदीं थोडें. पार्वतीबाई भोर ह्यांच्या ‘एका रणरागिणीची हकिकत’ ह्या आत्मकथनासारखीं पुस्तकें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. तोंडी साक्षी गोळा करण्याचें काम अलीकडे झालें, नीरा आडारकर व मीना मेनन ह्यांनीं २००४ त त्यांचा मोठा ग्रंथ केला. पण १९२० च्या आसपास गिरणींत असलेली बाई आतां बोलावयास उरलेली नाहीं. म्हणून कागदांकडेच वळलें पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. जमिनी विकल्या गेल्या, यंत्रें भंगारांत गेलीं, आणि दप्तरांचें काय झालें हें रद्दीच्या दुकानदारांस ठाऊक. संग्राहकांच्या हातीं त्यांतलीं भागभांडवलाचीं प्रमाणपत्रें, छापील तिकिटें, कापडावरचे रंगीत छाप हे येतात, कारण त्यांस बाजार आहे. हजेरीचीं बुकें व पाळणाघराचीं बुकें ह्यांस बाजार नाहीं.

ह्या बाजारभावानें चालूं नये, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. गिरणींतल्या पाळणाघराचें बुक मिळाल्यास तें मोडीत घालूं नये, आणि त्याच गिरणीचें रिळिंग खात्याचें हजेरीबुकहि मिळतें काय हें पाहावें. दोन्हीं एकत्र असल्यावांचून एकाचाहि पुरा अर्थ लागत नाहीं. अबकारी खात्याच्या परवान्यांत बाळागोळीच्या दुकानांचीं ठिकाणें असल्यास तीं नकाशावर चाळींशीं जुळवून पाहण्याजोगीं आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील सरकारी दप्तरखान्यांत ह्या दिशेनें शोध करण्यास वाव आहे, तसाच १८७५ त स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांतहि.

पाळणाघराच्या बुकांत मुलाच्या पहिल्या दिवसाचें वय लिहिलें असल्यास तो रकाना सर्वांआधीं उतरून घ्यावा. तेथें पांच-सहा आठवड्यांचीं मुलें आढळलीं, तर रिकाम्या पाळण्यांची तक्रार पुन्हां तपासावी लागेल. वय वर्ष-दीड वर्षापासून सुरू होत असेल, तर त्यापूर्वींचा काळ आजी, शेजारीण, थोरली बहीण व बाळागोळी ह्यांनीं सांभाळला असें धरण्यास हरकत नाहीं. आणि मग हजेरीबुकांत त्या आईचे खाडे कोणत्या महिन्यांत पडले आहेत, तें पाहावें.